डोळ्यातली दुर्बीण: पडदा खराब झाल्यावर लेन्सने काय मिळतं आणि त्यासाठी काय द्यावं लागतं

प्रश्न असा आला आहे. वडील ७६ वर्षांचे आहेत. वयोमानाने दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग, झिजला आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. डाव्यातही मोतीबिंदू आहे, पण तो अजून काढलेला नाही. डाव्या डोळ्यात पूर्वी इंजेक्शनं दिली होती, आता दोन वर्षं तो शांत आहे. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६० च्या आगेमागे, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते त्यांना ६ मीटरवरून दिसतं. घरात कुठे अडखळत नाहीत, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही आणि वाचन बंद झालं आहे. 'डोळ्यात छोटी दुर्बीण बसवतात' असं मुलाने वाचलं. त्याचे प्रश्न तीन: हे खरं आहे का, त्यासाठी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबवावं का, आणि दोन्ही डोळ्यांत बसवता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. हो, खरं आहे. अशी यंत्रं आहेत, ती बसवली जातात, आणि योग्य माणसाच्या डोळ्यात बसली तर त्याला चेहरा दिसतो. पण ती पडदा दुरुस्त करत नाहीत. ही गोष्ट मी माझ्या तपासणीच्या खोलीत दर वेळी दोनदा सांगतो, कारण पहिल्यांदा सांगितलेली कानाआड जाते. 'लेन्स बदलली की दिसेल' हे मोतीबिंदूच्या बाबतीत अक्षरशः खरं असतं, त्यामुळे लोक तोच हिशोब इथेही लावतात. मोतीबिंदूत खिडकीची काच धुरकट झालेली असते, काच बदलली की काम झालं. मॅक्युलाच्या झिजेत काच ठीक असते, आतल्या भिंतीवरचा ज्या जागी चित्र पडायला हवं तो तुकडाच गेलेला असतो. तिथे कितीही स्वच्छ चित्र पाडलं तरी ते उचलून मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशी शिल्लक नसतात.

मग लेन्स काय करते? ती चित्र मोठं करते, इतकं मोठं की ते मेलेल्या तुकड्याच्या कडेबाहेर पसरतं आणि आजूबाजूच्या जिवंत पडद्यावर पडतं.

आकडे घेऊन बघू. १ मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा साधारण १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर तो डोळ्याला ८ ते ९ अंशांत दिसतो. वडिलांच्या नजरेतला मधला डाग ७ अंशांचा आहे असं समजा. म्हणजे नाक, डोळे, ओठ सगळं डागात गडप आणि कडेने फक्त केस आणि कान. म्हणूनच हे रुग्ण म्हणतात, 'माणूस आलेला कळतो, कोण आलं ते कळत नाही.' आता तोच चेहरा २.२ पट मोठा केला तर तो १९ अंशांचा होतो. डाग तेवढाच राहतो, पण डोळे आणि ओठ त्याच्या बाहेर येतात. मेंदूला तेवढं पुरतं.

यात एक मेख आहे. पडद्याचा मध्य सोडून बाजूला गेलं की तीक्ष्णता झपाट्याने उतरते. मध्यापासून १० अंशांवर ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहते. म्हणजे बाजूच्या पडद्यावर चित्र नुसतं सरकवून भागत नाही, त्या भागाला कळेल एवढं ते मोठंही असावं लागतं. नुसतं चित्र सरकवणाऱ्या प्रिझमच्या लेन्स करून पाहिल्या गेल्या, पण मला त्यांच्यात कधी फारसा दम वाटला नाही, त्याचं कारण हेच.

आता यंत्रांविषयी. ज्याला खऱ्या अर्थाने डोळ्यातली दुर्बीण म्हणता येईल, ती इस्रायलमधले नेत्रतज्ज्ञ आयझॅक लिपशिट्झ यांच्या कल्पनेतून आलेली इम्प्लांटेबल मिनिएचर टेलिस्कोप, म्हणजे आयएमटी. आकार वाटाण्याहून लहान: लांबी ४.४ मिलिमीटर, व्यास ३.६ मिलिमीटर, वजन साधारण ११५ मिलिग्रॅम. काचेची बंद नळी, तिच्या आत दोन सूक्ष्म भिंगं. मोतीबिंदूसारखीच नैसर्गिक लेन्स काढायची आणि तिच्या रिकाम्या पिशवीत ही नळी बसवायची. नळीचं पुढचं टोक बाहुलीतून किंचित पुढे डोकावतं. ही नळी आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, मिळून दुर्बिणीचं काम करतात. दोन प्रकार आहेत, एक २.२ पट मोठं दाखवणारा आणि दुसरा २.७ पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये ७५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी मान्यता दिली आणि २०१४ मध्ये वयाची अट ६५ वर आणली.

मान्यता ज्या चाचणीवर मिळाली तिचे आकडे समजून घेण्यासारखे आहेत. २०६ रुग्णांच्या एकेका डोळ्यात यंत्र बसलं. वर्षभराने त्यातल्या ६७ टक्के डोळ्यांची दूरची दृष्टी तक्त्यावर ३ ओळी किंवा त्याहून जास्त सुधारली. त्याच रुग्णांच्या दुसऱ्या, हात न लावलेल्या डोळ्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. ३ ओळी म्हणजे काय? या चाचण्यांत जो तक्ता वापरतात त्यावर ३ ओळी म्हणजे बरोबर दुप्पट फरक: ६/१२० वाचणारा ६/६० वाचू लागतो. यंत्र २.२ पट मोठं करतं, गणिताने साडेतीन ओळींच्या आतबाहेर फायदा अपेक्षित. २.७ पटीचं असेल तर चार ओळींहून थोडा जास्त. निकाल गणिताशी जुळतो. म्हणजे भिंगाने जेवढं मोठं करायचं तेवढं केलं, पडद्याने स्वतः काही कमावलं नाही. एखाद्या जाहिरातीत 'पडदा पुन्हा जागा झाला' असं वाचलंत तर हे गणित आठवा.

त्या १३ टक्क्यांबद्दल एक आगाऊ शेरा मारतो. काहीही न करता तो डोळा कसा सुधारला? माझा तर्क असा की वर्षभर तपासण्या आणि सराव झाल्यामुळे लोक डागाच्या बाजूने बघायला शिकले. सरावाची ही ताकद मी रोज बघतो, आणि तिला कोणी ब्रोशर छापत नाही.

आता द्यावं काय लागतं ते. पहिली किंमत कॉर्नियाची. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. तो सतत पाणी उपसून कॉर्निया पारदर्शक ठेवतो. या पेशी माणसाच्या डोळ्यात पुन्हा तयार होत नाहीत. तरुणपणी चौरस मिलिमीटरमागे सुमारे ३००० असतात, वयाबरोबर कमी होतात, आणि फारच कमी उरल्या तर कॉर्निया सुजून पांढुरका पडतो. त्या चाचणीत पहिल्या ३ महिन्यांतच सरासरी २० टक्के पेशी गेल्या आणि वर्षाअखेर हा आकडा २५ टक्क्यांवर पोचला. कारण उघड आहे: कडक नळी आत घालायला १२ मिलिमीटरची चीर द्यावी लागायची. आज साध्या मोतीबिंदूला २ ते ३ मिलिमीटर पुरतात. वयाच्या अटीचं गुपितही इथेच. ८० वर्षांच्या माणसाची शिल्लक पुंजी उरलेल्या आयुष्याला पुरेल, ५५ च्या माणसाची कदाचित पुरणार नाही. म्हणून आधी पेशी मोजायच्या, कॉर्नियामागच्या खोलीची खोली मोजायची, आणि डोळा उथळ असेल तर नाद सोडायचा. (मराठीत अँटिरिअर चेंबरलाही खोली आणि डेप्थलाही खोली, त्यामुळे हे वाक्य दर वेळी विनोदी होतं.) अलीकडे याच यंत्राची घडीच्या कडा असलेली आवृत्ती आली आहे. तिला चीर जवळपास निम्मी लागते आणि पेशींचं नुकसान कमी होतं. भिंगाचं काम मात्र जुन्यासारखंच.

दुसरी किंमत बाजूच्या नजरेची, आणि ही सगळ्यात कमी बोलली जाते. दुर्बिणीतून बघताना चित्र मोठं होतं, म्हणून त्यात मावणारं जग लहान होतं. २.२ पटीच्या यंत्राला बाहेरचं साधारण २४ अंशांचं जग दिसतं, २.७ पटीच्याला २० अंशांचं. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश होतात. यंत्र बसलेल्या डोळ्याचं सगळं जग तेवढं. त्या डोळ्याने पायरी बघत जिना उतरायचा म्हटलं तर पडणारच. म्हणून चालणं, वावरणं, बाजूने येणारं वाहन टिपणं हे सगळं दुसऱ्या डोळ्यावर सोपवलेलं असतं. एका डोळ्याने बघायचं, दुसऱ्याने चालायचं. मेंदूला दोन आकारांची चित्रं मिळतात, ती एकत्र जुळत नाहीत, आणि गरजेप्रमाणे एकीकडून दुसरीकडे लक्ष न्यायला शिकावं लागतं. सुरुवातीला दोन-दोन दिसतं, घेरी येते, माणूस वैतागतो. काही जण तीन महिन्यांत सरावतात, काही जण वर्षानेही नाही.

तिसरी किंमत पुढच्या उपचारांची. नळीच्या मागचा पडदा तपासता येतो, पण पूर्वीइतका मोकळा नाही. पडद्यावर पुढे मोठी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ती अवघड होते. म्हणून मॅक्युलाखाली रक्त किंवा पाणी साचत असलेला, इंजेक्शनं चालू असलेला डोळा यासाठी घेत नाहीत. तुमच्या वडिलांचा डावा डोळा दोन वर्षं शांत आहे ही जमेची बाजू, पण तो खरंच शांत आहे का हे ताज्या ओसीटी स्कॅनवर (पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) ठरेल, आठवणीवर नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग एवढं सोसून बाहेरून दुर्बीण लावलेली काय वाईट? प्रश्न रास्त आहे, आणि निम्म्याहून जास्त लोकांना मी तेच सांगतो. चष्म्यावर लावायच्या किंवा हातात धरायच्या छोट्या दुर्बिणी असतातच. फरक हालचालीत आहे. दुर्बीण बाहेर असली की ती डोक्याला जोडलेली असते. नजर फिरवायची तर मान फिरवावी लागते, मान जरा हलली की मोठं झालेलं चित्र झपकन पळतं, आणि पोटात ढवळतं. दुर्बीण डोळ्यात असली की ती बुबुळाबरोबर फिरते. माणूस नेहमीसारखा डोळा हलवून बघतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि समोरच्याशी बोलताना तोंडावर काही यंत्र नसतं. या शेवटच्या गोष्टीला मी आधी कमी लेखायचो. एका निवृत्त शिक्षिकेने मला सुधारलं. त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, हातात दुर्बीण धरून नातवाशी बोलले तर तो दुर्बिणीकडे बघतो, माझ्याकडे नाही.'

आणखी एक हिशोब सांगतो, तो फुकटचा आहे. टीव्ही अडीच मीटरवरून बघत असाल आणि खुर्ची उचलून १ मीटरवर ठेवली, तर चित्र अडीच पट मोठं होतं. महागड्या शस्त्रक्रियेने जेवढं मोठं होतं त्याच्या मधोमध आलं हे! 'जवळून टीव्ही बघितला तर डोळे बिघडतात' हा लहानपणचा धाक ऐंशीच्या माणसानेही मनात धरून ठेवलेला असतो. बिघडत नाहीत. मॅक्युला झिजलेल्या माणसाने टीव्हीला नाक लावून बसावं, माझी पूर्ण परवानगी आहे. वाचनाचंही तसंच: टेबलावरचं व्हिडिओ भिंग अक्षर दहा-वीस पट मोठं करतं, पांढऱ्यावर काळं नको असेल तर काळ्यावर पांढरं करून दाखवतं. फोन मजकूर वाचून दाखवतो. वाचन हेच एकमेव गाऱ्हाणं असेल तर डोळ्यात काही घालायची गरज मला वाटत नाही. चेहरा मात्र जवळ जाऊन बघता येत नाही, परक्याचा तर नाहीच. डोळ्यातल्या दुर्बिणीची खरी कमाई तिथे आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण सगळा गुंता त्यात आहे. मूळ आयएमटी बसवायला डोळ्यात नैसर्गिक लेन्स असावी लागते. मोतीबिंदू काढून कृत्रिम लेन्स बसवलेल्या डोळ्यात ती बसवण्याची मान्यता नाही. म्हणजे वडिलांचा उजवा डोळा या यंत्रापुरता बाद. डावा शिल्लक आहे, आणि डाव्याचं साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की तोही दरवाजा बंद. म्हणून 'थांबावं का' हा प्रश्न योग्य आहे. दृष्टीची मर्यादाही बसते: या यंत्रासाठी साधारण ६/४८ ते ६/२४० ही दृष्टी धरतात, आणि नुकसान दोन्ही डोळ्यांत कायमचं, मधोमध असावं लागतं.

तरीही माझं मत: नुसत्या आशेवर मोतीबिंदू पिकवत ठेवू नका. मॅक्युला झिजलेल्या माणसाला मोतीबिंदू काढल्यावर फायदा होतो. मधला डाग जात नाही, पण बाजूचा जो पडदा चांगला आहे त्यावर पडणारं चित्र उजळ आणि स्वच्छ होतं, रंग परत येतात, उन्हात कमी चमकतं. 'ऑपरेशनने मॅक्युला आणखी बिघडेल' ही भीती पूर्वी आम्हीही बाळगायचो. मोठ्या अभ्यासांतून तिला भक्कम आधार मिळालेला नाही. तेव्हा ऑपरेशन आधी की दुर्बीण आधी, याचा निकाल महिनाभरात लावून टाकायचा. लावता येतो, कारण एक साधी परीक्षा उपलब्ध आहे.

परीक्षा अशी: डोळ्यात काही घालण्याआधी तेवढ्याच ताकदीची बाहेरची दुर्बीण त्या डोळ्यासमोर धरून बघायचं. तक्त्यावर निदान ५ अक्षरं जास्त वाचता आली पाहिजेत, ही औपचारिक अट. मी एवढ्यावर थांबत नाही. मी ती दुर्बीण चष्म्याच्या फ्रेममध्ये बसवून रुग्णाला घरी देतो, दुसरा डोळा उघडा ठेवून. आठवडाभर वापरा म्हणतो: घरच्यांचे चेहरे बघा, टीव्ही बघा, पाणी ओता. आठवड्याने माणूस परत येतो तेव्हा तक्ता न लावताच उत्तर कळतं. कोणी म्हणतो, 'हिचे डोळे दिसले.' कोणी फ्रेम टेबलावर ठेवून म्हणतो, 'हे डोक्याला ताप आहे.' दोघांचंही उत्तर बरोबर असतं. दुसऱ्याचे सगळे पैसे वाचतात, डोळा वाचतो, आणि मनस्तापही.

या परीक्षेत मी आणखी एक गोष्ट तपासतो, ती म्हणजे माणसाला काय हवंय. 'दिसायला हवं' हे उत्तर मी घेत नाही. काय दिसायला हवं? ज्याचं उत्तर नेमकं असतं, पत्ते खेळायचेत, बायकोचा चेहरा, भाजी चिरताना सुरी कुठे आहे, त्याचा निकाल चांगला लागतो. ज्याला 'पूर्वीसारखं' हवं असतं त्याला ऑपरेशन यशस्वी होऊनही दुःखच होतं. तक्त्यावर चार ओळी वाढलेल्या आणि तरी फसवणूक झाली म्हणून रडणारे लोक मी बघितले आहेत, आणि त्यांची चूक नव्हती. त्यांना कोणीतरी पूर्वीसारखं दिसेल असं वाटू दिलं होतं.

आता मोतीबिंदू काढून झालेल्या, म्हणजे उजव्या डोळ्यासाठी काही आहे का? आहे, पण लहान. जर्मन सर्जन गाबोर शारिओट यांच्या नावाची एक जोड-लेन्स आहे. ती जुन्या कृत्रिम लेन्सच्या पुढे, बुबुळाच्या मागे सरकवतात. तिच्या मधोमध फक्त दीड मिलिमीटरचा भाग जास्त ताकदीचा, १० डायॉप्टरचा असतो, बाकी कडेचा भाग सपाट. त्यामुळे दूरचं आणि बाजूचं पूर्वीसारखंच राहतं, आणि कागद १५ सेंटिमीटरवर आणला की अक्षर दुप्पट दिसतं. गुपित अर्थातच त्या १५ सेंटिमीटरमध्ये आहे: जवळ आणल्यामुळे अक्षर मोठं होतं, लेन्स ते इतक्या जवळून स्पष्ट करते. चेहऱ्यासाठी तिचा उपयोग नाही. नुकसान मध्यम असेल तरच घ्यावी, ६/६० ही तिची खालची कड झाली. आणि घेण्याआधी जाड वाचनाचा चष्मा लावून त्याच अंतरावर वाचायला देऊन बघावं. जमलं नाही तर लेन्सनेही जमणार नाही. उलट जमलं, तर अनेकांना चष्माच पुरतो हेही खरं. ही लेन्स नको वाटली तर काढता येते, हा तिचा मोठा गुण.

दोन लेन्स जोडीने बसवून डोळ्यातच छोटी दुर्बीण तयार करण्याचे प्रकारही आले, एक जास्त वजा नंबरची मागे, एक जास्त अधिक नंबरची पुढे. लेन्स मऊ असल्या तर चीर लहान राहते, पण मोठं होणं १.३ पटीच्या आसपास, म्हणजे तक्त्यावर जेमतेम एक ओळ. त्यात दोन भिंगं एकमेकांसमोर नीट रांगेत राहिली नाहीत तर चित्र सरकतं. यातल्या काहींचा गाजावाजा त्यांच्या पुराव्याच्या मानाने फार झाला. कुणी अशी लेन्स सुचवली तर एवढंच विचारा: किती पट मोठं करते, आणि तेवढं मोठं मला आधी बाहेरून दाखवाल का? दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या.

'पडदा खराब' हा शब्द मात्र सैल आहे, आणि त्यामुळे चुकीची माणसं आशेने येतात. वर जे सांगितलं ते मधला भाग गेलेल्यांसाठी. रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आनुवंशिक आजारात उलटं होतं: कडा जातात, मधली चिमूटभर नजर उरते. तिथे चित्र मोठं केलं की ते उरलेल्या बेटाच्या बाहेर सांडतं आणि माणूस आणखी आंधळा होतो. काचबिंदूने बाजूची नजर गेलेल्यालाही हेच लागू, कारण चालायला लागणारा दुसरा डोळाच त्याच्याकडे नसतो. मधुमेहाने मॅक्युला सुजला असेल तर आधी सूज, इंजेक्शनं, लेझर, साखर. तिथे दुर्बिणीचा विषय काढणंच घाईचं.

अशा डोळ्यांत साधी मोतीबिंदूची लेन्स निवडतानाही दोन गोष्टी सांभाळाव्यात, कारण वडिलांच्या डाव्या डोळ्याचा प्रवास बहुधा तिकडेच जाईल. मल्टिफोकल लेन्स घेऊ नका. ती येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून टाकते. निरोगी पडद्याला ते परवडतं. झिजलेल्या पडद्याला आधीच फिकं-गडद कमी कळतं, त्यात ही वाटणी महागात पडते. साधी, एकाच अंतरासाठीची मोनोफोकल घ्या, चष्मा लागेल तो लागू दे. आणि ज्यांना पुढे पडद्याच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल भरावं लागण्याची शक्यता आहे, त्यांच्यात सिलिकॉनची लेन्स टाळतात. तेल तिला चिकटतं आणि धुऊन निघत नाही.

पडद्याखाली किंवा पडद्यावर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक चिप्सबद्दलही लोक याच दमात विचारतात. तो वेगळा प्रकार आहे. लेन्स जिवंत पेशींपर्यंत चित्र नेते, चिप मेलेल्या पेशींच्या जागी बसते. स्टॅनफर्डमधल्या डॅनियल पालांकर यांच्या कल्पनेतून आलेली प्रिमा नावाची चिप २ बाय २ मिलिमीटरची आहे, तिच्यात ३७८ पिक्सेल आहेत, आणि कॅमेऱ्याच्या चष्म्यातून येणाऱ्या अवरक्त प्रकाशावर ती चालते. कोरड्या (मॅक्युलाखाली रक्त किंवा पाणी न साचता होणाऱ्या) झिजेतल्या रुग्णांना तिने अक्षरं वाचायला मदत केली, हे चाचणीत दिसलं आहे. त्याआधी रेटिनायटिस पिगमेंटोसासाठी आलेली आर्गस २ ही चिप अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाली, पण पुढे कंपनीने ती बनवणं थांबवलं आणि डोळ्यात ती असलेल्या माणसांना सुटे भागही मिळेनात. डोळ्यात बसणाऱ्या वस्तूची कंपनी किती टिकेल, हा प्रश्न तेव्हापासून मी रुग्णांना विचारायला लावतो. काचेच्या नळीला निदान बॅटरी आणि सॉफ्टवेअर लागत नाही.

दुर्बीण बसवायचं ठरलंच तर ऑपरेशन हा सगळ्यात छोटा भाग आहे. नंतर काही आठवडे थेंब, टाके, मग टीव्हीसाठी एक चष्मा आणि वाचायला वेगळा. त्यानंतर खरं काम: उरलेली नजर वापरायला शिकवणाऱ्या लो व्हिजनच्या तज्ज्ञाबरोबर आठवड्यामागून आठवडे बसायचं. आधी स्थिर चित्र, मग हलतं. आधी बसून, मग उभं राहून, मग चालताना. कोणत्या कामाला कोणता डोळा, हे मेंदूला पुन्हा पुन्हा सांगायचं. घरातलं कोणी सोबत येणार नसेल, किंवा वडिलांची स्मरणशक्ती डळमळीत झाली असेल, तर मी स्पष्ट नकार देतो. न शिकलेली दुर्बीण ही डोळ्यातली नुसती अडचण आहे.

जाता जाता एक विचारून घ्या त्यांना, पण एकांतात: कधी भिंतीवर नसलेली नक्षी, नसलेली माणसं, फुलं दिसतात का? नजर गेलेल्या डोळ्यांना असं दिसतं, त्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. मेंदू रिकाम्या जागेत स्वतःच चित्रं भरतो. वेड नाही. पण 'मला वेडा म्हणतील' या भीतीने म्हातारी माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. माझ्याकडे निम्म्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं ते मी विचारलं म्हणूनच.

राहिला तिसरा प्रश्न. दोन्ही डोळ्यांत बसवता येत नाही, आणि बसवू नये. उजव्या डोळ्यात आता कृत्रिम लेन्स आहे म्हणून नव्हे, ती नसती तरी उत्तर तेच असतं. वडिलांना घरात अडखळायला होत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते डोळ्यांच्या बाजूच्या नजरेमुळे. डाव्यात दुर्बीण आली तर जिना, उंबरठा, खाली पडलेली चप्पल हे सगळं उजव्यानेच बघायचं आहे. म्हणून आधी उजव्या डोळ्याची बाजूची नजर फील्ड टेस्टने मोजून घ्या, डाव्याचं ओसीटी आणि एंडोथेलियमची मोजणी करा, आणि बाहेरची दुर्बीण लावून एक आठवडा घरी काढा. मग मला कळवा त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली की नाकावर.